पिशवी फेकून देण्याआधी

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनींच्या घरी पाच वर्षांचा कुत्रा आणि तीन वर्षांची मांजर आहे. दोघांनाही त्या पहिल्यापासून तयार कोरडे खाद्य देत आल्या आहेत. कुत्र्याचे एका कंपनीचे, मांजरीचे दुसऱ्या. गेल्या आठवड्यात प्राणी पाळणाऱ्यांच्या एका गटातून त्यांना संदेश आला, की कुत्र्याच्या खाद्याच्या त्या कंपनीच्या मालात विषारी बुरशी सापडली असून अनेक कुत्री दगावली आहेत. त्याच दिवशी त्यांनी नवी पिशवी फोडली होती आणि रात्री कुत्र्याला दोनदा उलटी झाली. घाबरून त्यांनी घरातले सगळे खाद्य, मांजरीचेसुद्धा, कचऱ्यात टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांना उकडलेले मांस आणि भात सुरू केला. कुत्र्याला पुन्हा उलटी झाली नाही, तो खेळतो आहे, मात्र तीन दिवस त्याला पातळ शौच होत होते. विष अंगातून उतरत असावे, असे त्यांना वाटते. मांजर नव्या खाण्याला जेमतेम तोंड लावते. यजमानांच्या मते हा सगळा अतिरेक आहे, कारण पूर्वी प्राणी उरलेसुरले खाऊन जगतच होते. शिवाय दोन वर्षांपूर्वी त्यांचा चौदा वर्षांचा बोका मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. त्यालाही आपणच वर्षानुवर्षे दूषित खाणे वाढत होतो का, या विचाराने त्यांना झोप लागत नाही. पूर्णपणे सुरक्षित कंपनी कोणती, की यापुढे सगळे घरीच शिजवावे, असे त्या विचारतात.

उत्तर:

तुमच्या पत्रात मोठमोठे प्रश्न आहेत, पण एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात आणि मला तेच सर्वांत तातडीचे वाटते. मांजर जेमतेम तोंड लावते, असे तुम्ही म्हणता. धडधाकट मोठा कुत्रा एखादा दिवस उपाशी राहिला तर सहसा काही बिघडत नाही. मांजरीचे तसे नसते. तिचे खाणे थांबले किंवा फारच कमी झाले, की तिचे शरीर स्वतःची चरबी वापरू लागते, ती चरबी यकृतात साचत जाते आणि काही दिवसांतच यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अंगाने भरलेल्या मांजरींना हा धोका अधिक असतो. तेव्हा तुमच्या मांजरीने सलग चोवीस तास काहीच खाल्ले नसेल, किंवा गेले दोन-तीन दिवस ती नेहमीच्या निम्म्याहूनही कमी खात असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी पशुवैद्यांना फोन करा. तिचे जुने खाद्य पुन्हा आणायलाही काही हरकत नाही. संदेश कुत्र्याच्या खाद्याविषयी होता आणि मांजरीचे खाद्य वेगळ्याच कंपनीचे होते. ते कचऱ्यात गेले ते केवळ भीतीपोटी.

आता कुत्र्याकडे येऊ. नवी पिशवी फोडली, रात्री उलटी झाली, खाणे बदलले, उलटी थांबली. हा क्रम इतका नेटका जुळतो की त्याचा दुसरा काही अर्थ असू शकेल, असे मनातच येत नाही. पण कुत्र्याला एका रात्रीत दोन उलट्या व्हायला कितीतरी साधी कारणे पुरतात: घाईने गिळलेले जेवण, फिरताना तोंडात घातलेली घाण, चावून तोडलेल्या खेळण्याचा तुकडा, जंत, किंवा खाद्याचा प्रकार अचानक बदलणे. नवी पिशवी आधीच्याच प्रकारची होती की वेगळ्या चवीची, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि ते आठवून पाहण्यासारखे आहे. पातळ शौचाचे म्हणाल, तर पाच वर्षे एकच कोरडे खाद्य पचवणाऱ्या पोटाला एका रात्रीत मांस आणि भात दिल्यावर शौच पातळ झाले नसते तरच नवल. आतड्यांना नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला आठवडा ते दहा दिवस लागतात. ज्याला तुम्ही विष उतरण्याची खूण समजलात, तो बहुधा तुमच्याच उपायाचा परिणाम आहे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे, की तपासल्याशिवाय कोणीच खात्री देऊ शकत नाही. म्हणून कुत्र्याला एकदा पशुवैद्यांकडे नेऊन यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या. आकडे ठीक आले तर तुमचा जीव भांड्यात पडेल. ठीक नसतील तर वेळेत उपचार सुरू होतील. दोन्हीपैकी काहीही झाले तरी अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते बरे.

याचा अर्थ तुमची भीती निराधार आहे, असा मात्र कोणी काढू नये. प्राण्यांच्या खाद्याने प्राणी दगावल्याच्या घटना घडल्या आहेत आणि त्यांतली एक नीट समजून घेतली तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत एका मोठ्या उत्पादकाने कुत्र्या-मांजरांच्या ओल्या खाद्याचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे बाजारातून परत मागवली. प्राण्यांची मूत्रपिंडे अचानक बंद पडत होती. तपासाअंती दोष सापडला तो चीनमधून आलेल्या, ग्लूटेन, म्हणजे गव्हातले प्रथिन, म्हणून विकल्या गेलेल्या एका घटकात. प्रत्यक्षात ते साधे गव्हाचे पीठ होते आणि त्यात मेलामाइन हे प्लास्टिक बनवण्यासाठी वापरले जाणारे रसायन मिसळलेले होते. असे कोणी का करावे? कारण खाद्यातली प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत प्रथिने मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडते. मेलामाइनच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे चिमूटभर भेसळीने हलके पीठ कागदावर उत्तम प्रथिन ठरत होते. मेलामाइन एकटे फारसे घातक ठरले नसते, पण त्याच्यासोबत सायन्यूरिक आम्लही आले होते आणि ही दोन्ही मूत्रपिंडात एकत्र आली की त्यांचे न विरघळणारे स्फटिक बनतात. दगावलेल्या प्राण्यांची मूत्रपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्यांच्या बारीक नलिका तपकिरी झाक असलेल्या गोल स्फटिकांनी बुजलेल्या दिसल्या. प्रत्येक स्फटिकावर मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेषा होत्या.

या घटनेतले दोन धागे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. पहिला असा, की परत मागवलेल्या मालावर कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांची नावे होती, त्यांत महागडीही होती आणि स्वस्तही. माल मात्र एकाच उत्पादकाचा होता आणि दोष एकाच पुरवठादाराकडून आलेला होता. पिशवीवरचे नाव आणि आतला माल बनवणारा कारखाना यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो. दुसरा असा, की हा माल नियमित चाचणीत उत्तीर्ण झाला होता. मेलामाइन सापडले नाही, कारण ते कोणी शोधत नव्हते.

तुम्हाला आलेल्या संदेशातल्या बुरशीचे नावही घेऊ. मका, शेंगदाणे यांसारख्या पिकांवर काही बुरशा वाढतात आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. कुत्र्याचे यकृत त्याला विशेष बळी पडते. अमेरिकेत २००५ च्या अखेरीस दूषित मक्यापासून बनलेल्या खाद्याने शंभरहून अधिक कुत्री दगावली. २०२०-२१ मध्ये तशाच घटनेत ११० हून अधिक कुत्री दगावल्याची नोंद तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे झाली. त्या देशात या विषाची मर्यादा एका किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे, यावरून ते किती थोडे पुरते याची कल्पना येईल. शिजवल्याने किंवा कारखान्यातल्या उष्णतेने ते जात नाही. बुरशी मेली तरी तिने सोडलेले विष दाण्यात राहते, त्यामुळे दाणे दिसायला आणि वासाला अगदी ताजे वाटू शकतात. धान्याच्या साठ्यात ते सगळीकडे सारखे पसरलेले नसते, एखाद्या कोपऱ्यात साचलेले असते; एका जागचा नमुना स्वच्छ निघतो आणि हातभर अंतरावर विष असते. दर वेळी लबाडीच असते असेही नाही. २०१९ मध्ये एका नावाजलेल्या कंपनीला कुत्र्यांचे डबाबंद खाद्य परत मागवावे लागले, कारण पुरवठादाराने दिलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात डी जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर होते, आणि ते जास्त झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर येते. आणखी त्रास देणारी बाब अशी, की काही वेळा दोषी घटक सापडतच नाही. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या खाऊन अमेरिकेत हजाराहून अधिक कुत्री दगावल्याच्या तक्रारी २००७ नंतरच्या काही वर्षांत नोंदल्या गेल्या, पुष्कळ चाचण्या झाल्या, पण नेमके कारण काही हाती लागले नाही.

या सगळ्यानंतर ‘पूर्णपणे सुरक्षित कंपनी कोणती’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कोणी छातीठोकपणे एखादे नाव सांगत असेल तर त्याच्यापासून थोडे सावधच राहावे. प्रश्न जरासा वळवला तर मात्र उत्तर मिळते: चूक झाली तर ती लवकर पकडण्याची आणि मान्य करण्याची सोय कोणाकडे आहे? कंपनीला पत्र किंवा ईमेल पाठवून विचारा, की खाद्य तुमच्या स्वतःच्या कारखान्यात बनते की दुसऱ्याकडून बनवून घेता. पाककृती ठरवणारी व्यक्ती प्राण्यांच्या आहारशास्त्रात शिकलेली आहे का. येणाऱ्या धान्याची बुरशीजन्य विषांसाठी प्रत्येक खेपेला तपासणी होते का. आणि माल परत मागवावा लागला तर ग्राहकांना कसे कळवता. उत्तर किती सुबक आहे यापेक्षा ते प्रश्नाला धरून आहे का ते पाहा. चकचकीत माहितीपत्रक पाठवून प्रश्न टाळणारी कंपनी एक प्रकारे उत्तरच देत असते. माल पूर्वी परत मागवला होता एवढ्यावरून मात्र एखादी कंपनी बाद करू नका. कधीच काही परत न मागवणारी कंपनी कदाचित उत्तम असेल, कदाचित तिने कधी तपासलेच नसेल. त्यामुळे माल का आणि किती लवकर मागवला, हे विचारणे जास्त उपयोगी. आणि पिशवीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे छापलेले पाहून विरघळून जाऊ नका. अफ्लाटॉक्सिनही शंभर टक्के नैसर्गिक असते.

मग घरीच का शिजवू नये? तुमच्या प्रश्नाचा हा अर्धा भाग जास्त अवघड आहे, कारण घरच्या अन्नाविषयी आपल्या मनात एक विश्वास असतो आणि माणसांच्या बाबतीत तो बव्हंशी खराही असतो. पण प्राण्यासाठी घरी शिजवताना भेसळीची एक भीती जाते आणि तिच्या जागी उणिवांची दुसरी भीती येते, जी दिसायला महिने लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होते, आणि बहुतेकींत एकाहून अधिक. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. असे जेवण दीर्घकाळ चालले तर शरीर गरजेचे कॅल्शियम हाडांतून काढून घेते, आणि वाढत्या पिलांत हे फार लवकर घडते. मांजरीला तर टॉरिन हे द्रव्य अन्नातून मिळालेच पाहिजे, कारण तिचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडले की हृदयाचे स्नायू पातळ आणि ढिले पडतात, हे संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. मांस पाण्यात उकडले की टॉरिनचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो, आणि ते पाणी आपण ओतून देतो. तुम्ही मांजरीला जे मायेने वाढता आहात ते चार-सहा दिवस ठीक आहे, कायमचा आहार म्हणून नाही.

तरीही घरीच शिजवायचे, असे तुम्ही सगळा विचार करून ठरवलेत तर त्यात गैर काही नाही. मात्र प्राण्यांच्या आहारातल्या तज्ज्ञाकडून तुमच्या प्राण्याचे वय, वजन आणि आजार पाहून पाककृती लिहून घ्या, त्यांनी सांगितलेली पूरक द्रव्ये मोजूनच घाला, आणि ‘आज हे संपले होते म्हणून ते घातले’ असे करू नका. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कोणत्याही रूपात नको. कच्च्या मांसाचा आग्रह धरणारे लोकही तुम्हाला त्या गटात भेटले असतील. माझे मत त्याविरुद्ध आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात घराबाहेर न पडणारी एक मांजर कच्चे गोठवलेले खाद्य खाऊन बर्ड फ्लूने मेली आणि खाद्यातला विषाणू तिच्यातल्या विषाणूशी जुळला. दूषित तयार खाद्याला कंटाळून कच्च्या मांसाकडे वळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

तुमच्या बोक्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. मूत्रपिंडाचा आजार आणि खाद्यातले विष हे दोन शब्द संदेशांमध्ये शेजारी वाचल्यामुळे तुमच्या मनात ते जोडले गेले आहेत, पण त्याचा आजार कसा पुढे सरकला ते आठवून पाहा. विषाने मूत्रपिंड बंद पडते तेव्हा ते बहुतेक वेळा काही दिवसांत बंद पडते: प्राणी अचानक खाणे सोडतो, वारंवार उलट्या करतो, लघवी खूप होते किंवा थांबतेच. वयस्कर मांजरींत दिसणारा नेहमीचा आजार याहून पार वेगळा असतो. वर्ष-दोन वर्षांत पाणी पिणे हळूहळू वाढते, वजन उतरत जाते, अंगावरची लव निस्तेज होते. दहा-बारा वर्षांपुढच्या मांजरींत हा आजार इतका सर्रास आढळतो की खाणे कोणतेही असले तरी पशुवैद्य त्याची तपासणी करतातच. तुमच्या बोक्याच्या तपासणीचा कागद घरात असेल, तर तो पशुवैद्यांना दाखवून त्याचा आजार तीव्र होता की जुनाट, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर जुनाट असे आले, आणि चौदा वर्षांच्या बोक्याच्या बाबतीत ते तसेच येण्याची शक्यता मोठी आहे, तर तुम्ही रोज रात्री स्वतःवर चालवत असलेला खटला तिथे निकालात काढा.

आता त्या पिशवीविषयी. संशय येताच पिशवी फेकून देणे ही इतकी स्वाभाविक प्रतिक्रिया आहे की तिच्यासाठी तुम्हाला बोल लावता येणार नाही. पण तुमच्या हातातला एकमेव साक्षीदार तिच्यासोबत गेला. बहुतेक पिशव्यांवर शिवणीजवळ, तळाला किंवा मागच्या कडेला काळ्या शाईच्या ठिपक्यांत एक ओळ छापलेली असते: अंक, अक्षरे आणि वापराची अंतिम तारीख. हा लॉट क्रमांक. माल कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावर तयार झाला, हे कंपनीला त्यावरूनच कळते आणि परत मागवायच्या मालाची यादीही त्यावरूनच ठरते. ती ओळ नसेल तर तुमच्या कुत्र्याने संदेशातले खाद्य खाल्ले होते की नाही, हे तुम्हाला, पशुवैद्यांना किंवा कंपनीला कधीच सांगता येणार नाही. म्हणून पुढच्या वेळी पिशवी फोडण्याआधी त्या ओळीचा आणि पुढच्या बाजूचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. खाद्य डब्यात ओतू नका. पिशवीसकट डब्यात ठेवा. डब्याच्या तळाशी आणि कडांना दाण्यांच्या चरबीचा चिकट थर बसतो, तो खवट होतो आणि नव्या मालाला लागतो. डबा मधूनमधून साबणाने धुऊन पूर्ण कोरडा केल्याशिवाय त्यात पिशवी ठेवू नये, कारण ओल राहिली तर बुरशी घरातही धरते. जागा कोरडी आणि २७ अंश सेल्सियसच्या आतली असावी. स्वस्त पडते म्हणून भलीमोठी पिशवी आणण्यापेक्षा फोडल्यावर महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच आणणे शहाणपणाचे. उरलेले ओले खाद्य लगेच फ्रिजमध्ये जायला हवे.

हे खाद्य हाताळल्यावर आणि प्राण्याचे भांडे धुतल्यावर हात साबणाने धुवावेत, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. २०१२ मध्ये कुत्र्यांच्या कोरड्या खाद्यातल्या साल्मोनेला जिवाणूमुळे अमेरिका आणि कॅनडात मिळून ४९ माणसे आजारी पडल्याची नोंद आहे. कुत्रा स्वतः ठणठणीत दिसत असतानाही हा जिवाणू घरात पसरवू शकतो.

पुन्हा कधी खरोखर संशय आला तर ते खाद्य थांबवा, पण पिशवी तोंड घट्ट बांधून, मुलांच्या आणि प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. ओले खाद्य असेल तर थोडे गोठवून ठेवा. एका कागदावर लिहा: पिशवी कधी फोडली, किती दिले, पहिली तक्रार केव्हा दिसली, त्या दिवशी आणखी काय खाल्ले, घरातल्या दुसऱ्या प्राण्याने तेच खाल्ले होते का. डोळ्यांत किंवा हिरड्यांवर पिवळेपणा, सारख्या उलट्या, काळे किंवा रक्तमिश्रित शौच, एकाएकी वाढलेली तहान, लघवी न होणे, झोकांड्या किंवा झटके यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. त्यानंतर कंपनीला आणि अन्नाची देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला लॉट क्रमांकासह कळवा. एकट्या तक्रारीने काय होणार, असे वाटते खरे, पण वेगवेगळ्या घरांतून आलेल्या तक्रारींत एकच क्रमांक दिसू लागला की साधा योगायोग म्हणून त्यांची बोळवण करता येत नाही.

खाद्य स्वतःच प्रयोगशाळेत तपासून घ्यावे का, असे अनेक वाचक विचारतात. ‘यात विष आहे का’ अशी कोणतीही एक चाचणी नसते. काय शोधायचे ते आधी सांगावे लागते, आणि आधी सांगितल्याप्रमाणे पिशवीच्या एका मुठीत नसलेले विष दुसऱ्या मुठीत असू शकते. पशुवैद्यांनी प्राण्याची लक्षणे आणि रक्त पाहून कशाचा संशय आहे ते सांगितले, तर चाचणीला अर्थ आहे. नुसत्या धास्तीपोटी केलेल्या चाचणीचा ‘काही आढळले नाही’ हा निकाल तुम्हाला जेवढा दिलासा देईल, तेवढ्या दिलाशाच्या लायकीचा तो नसेल.

गटातल्या संदेशांचेही असेच आहे. माल खरोखर परत मागवलेला असतो तेव्हा सूचनेत उत्पादनाचे पूर्ण नाव, पिशवीचे वजन, लॉट क्रमांक आणि तारीख असते. तुम्हाला आलेल्या संदेशात यांतले काही होते का? नसेल तर कंपनीच्या आणि सरकारी यंत्रणेच्या संकेतस्थळावर पाहा, आणि तिथे सापडेपर्यंत संदेश पुढे पाठवू नका. अनेक वर्षांपूर्वीच्या घटना तारखा गाळून पुन्हा फिरत असतात आणि वाचणाऱ्याला वाटते, हे आजच घडते आहे.

यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे. रोज जेवढे प्राणी तयार खाद्य खातात त्यांच्या तुलनेत अशा घटना विरळ आहेत, आणि त्यांनी हे म्हटले म्हणून त्यांना बेफिकीर ठरवणे योग्य नाही. मात्र पूर्वीचे प्राणी उरलेसुरले खाऊन जगत होते हा दाखला फारसा टिकणारा नाही, कारण त्यांतले किती जगत नव्हते हे कोणी मोजून ठेवलेले नाही. दोघांनी मिळून एवढे ठरवा, की संशय येण्याची पायरी कोणती आणि डॉक्टरांना फोन करण्याची पायरी कोणती. वर दिलेली लक्षणे फ्रिजवर लावून ठेवली, तर प्रत्येक ढेकरेवरून वाद होणार नाही.

या आठवड्यापुरते म्हणाल तर मांजरीला तिचे जुने खाद्य परत द्या. कुत्र्याची रक्ततपासणी करून घ्या, आणि अधिकृत सूचनेत काही आढळले नाही तर त्याच कंपनीचे किंवा तुम्हाला समाधानकारक उत्तर देणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे खाद्य आणा. पहिल्या दिवशी चौथा हिस्सा नवे खाद्य आणि बाकी मांस-भात, मग दर दोन-तीन दिवसांनी नव्याचे प्रमाण वाढवत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण बदल करा. सगळे स्थिरावल्यावर, प्राण्याला पथ्याचे खाद्य किंवा अ‍ॅलर्जी नसेल तर, वेगळ्या उत्पादकाचे दुसरेही एखादे खाद्य त्याच्या सवयीचे करून ठेवा, म्हणजे उद्या एक परत मागवले गेले तरी रातोरात मांस उकडायला लागणार नाही. फक्त दोन्ही खाद्ये एकाच भांड्यात मिसळू नका. त्रास झालाच, तर तो कशाने झाला हे मग शोधता येत नाही.